चार भोकांचा कार्बोरेटर

बेळगुंदी,
३ जून २०२४

भरमाआप्पा,

लांबूनच पाया पडते. मी तेजस्वी, तुमच्या थोरल्या भावाची, रवळूअण्णांची मुलगी. अशी ओळख सांगावी लागते याची लाज वाटते, पण तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा माझं शाळेत नावही घातलं नव्हतं.

आई सांगते की वाटणीनंतर पुन्हा काहीतरी झालं आणि 'त्या घरातला आवाज परत कानावर पडू देणार नाही' अशी शपथ तुम्ही रवळनाथासमोर घेतलीत. म्हणून फोन करत नाही. पत्राला आवाज नसतो, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला आहे. तो चुकीचा असेल तर इथंच थांबा आणि पत्र काकींकडे द्या. मी वाईट वाटून घेणार नाही.

फेब्रुवारीत अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आपण बोललेलं त्यांना कळतं असं डॉक्टर म्हणतात. रोज सकाळी मी त्यांना धरून पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसवते आणि ते डाव्या हातानं गोठ्याशेजारच्या शेडकडे बोट दाखवतात. तिथं आपली फियाट उभी आहे. आम्ही तिच्यावरची ताडपत्री काढली, गाडी पुसली, अण्णांना खुर्चीसकट तिच्याजवळ नेलं. ते बॉनेटवर थाप मारतात आणि आमच्या तोंडाकडे बघतात. आम्ही नुसतेच उभे राहतो, मग त्यांना राग येतो. शेवटी मी असं ठरवलं, की त्यांना गाडी सुरू झालेली ऐकायची आहे.

गावातले जोतिबा मिस्त्री ट्रॅक्टरचं काम करतात. ते बघून म्हणाले, "बाई, असली गाडी बघायला माझा बा पायजे हुता. आधी कार्बोरेटर काढून धू, मग बघू." मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. दिवसभर लोकांच्या कास्टिंगची मापं घेते, तर घरचा एक कार्बोरेटर उघडता येईल असं वाटलं. रविवारी वर्तमानपत्र अंथरून त्यावर प्रत्येक भाग काढला त्या क्रमानं मांडला आहे. म्हशीची शेपटी लागू नये म्हणून भोवतीनं पाट उभे केलेत.

आता अडचण. गाडी अण्णा चालवायचे, पण इंजिन तुम्ही बघायचात असं आई म्हणते. इंजिनवर कार्बोरेटर बसवायला दोन बोल्ट उभे आहेत आणि कार्बोरेटरच्या बुडाला भोकं मात्र चार आहेत. त्यातलं एकच एका बोल्टवर जेमतेम बसतं. दुसरी बाजू तारेनं बांधलेली होती. हे मुळात असंच असतं का? आतल्या जेटवरचा, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकाच्या तोटीवरचा, नंबरही झिजला आहे. तुम्हाला आठवत असेल तर कृपा करून कळवा.

मला अक्षरं तुम्ही शिकवलीत हे मी विसरलेले नाही. ह्याच गाडीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत.

तुमची,
तेजस्वी


बोरगाव,
१० जून २०२४

तेजस्वी,

सुखी राहा. पत्र पोचलं. अक्षर चांगलं काढतीस.

रवळूचं कळलं होतं. तुमच्या गावचा मष्णू निपाणीच्या बाजारात भेटला, तो म्हणाला होता. पण बोलणं गेलंय हे त्यानं सांगितलं न्हवतं. जेवतो का? आपल्या हातानं का कुणी भरवायला लागतं? पूर्वी भाजीत मीठ जास्त झालं की ताटावरनं उठायचा. आता कसा उठणार.

कार्बोरेटरचं म्हणशील तर आपल्या फियाटच्या कार्बोरेटरला बुडाला भोकं दोन. चार असूच शकत न्हाईत. ह्यावर मला जास्त बोलायला लावू नको. तुला खरंच म्हाईत न्हाय, का म्हाईत असून विचारतीस, हेच मला कळंना. वहिनीनं सांगून लिहिलं असंल तर सरळ तसं लिही. सोयरिकीच्या पाव्हण्यासारखं आडून विचारू नको. ज्यानं बसवलाय त्यानं बसवलाय. ज्याला माझी गरज उरली न्हाय, त्याच्या गाडीला किती भोकं हायत ह्याच्याशी मला काय करायचंय?

जेटमध्ये तार घालून टोकरू नको. भोक मोठं होतं आणि मग गाडी नुसतं पेट्रोल पिती. पेट्रोलात भिजव, तोंडानं फुंक. रॉकेल वापरू नको.

भरमा


बेळगुंदी,
१७ जून २०२४

आप्पा,

तुमचं पत्र आलं याचा आनंद इतका झाला, की त्यात तुम्ही रागावलेले आहात हे दुसऱ्यांदा वाचताना कळलं.

मी आडून काही विचारलेलं नाही. काय आडून विचारता आलं असतं हेही मला समजत नाही. आईनंही काही लिहायला सांगितलेलं नाही. तिला पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "आप्पा कशाबद्दल म्हणतायत?" ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "मला गाडीतलं काय कळतंय? आप्पालाच विचार की. लिही दुसरं पत्र." मग पोस्टाचं पाकीट तिनंच आणून दिलं. एरवी ती मला इतक्या कामाला लावते, की पत्र लिहायला बसलेली बघवत नाही.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली. एक बोल्ट अर्धवट गंजलेला आहे असं मी लिहिलं नव्हतं, ते लिहायला हवं होतं. आणि कृपया राग मानू नका, पण भोकं चारच आहेत. इतकी वर्षं झाल्यावर अशी गोष्ट विसरणं अगदी साहजिक आहे. तुमची खात्री पटावी म्हणून बूड कागदावर ठेवून पेन्सिलीनं छाप घेतला आहे, तो सोबत पाठवते.

जेटमध्ये तार घातली नाही. घालणार होते, तुमचं पत्र वेळेवर आलं.

आणखी एक गोष्ट सापडली आणि तिनं माझा गोंधळ वाढवला आहे. कार्बोरेटर उचलल्यावर त्याच्याखाली इंजिनचं जे तोंड उघडं राहतं, त्यात कापड कोंबलेलं आहे, मी आधी तो मळीचा थर समजले होते. पांढरं धोतराचं कापड, एरंडेलात भिजवून घट्ट बोळा केलेला. तो तिथं असताना गाडी सुरू होणं शक्यच नाही. मग वरती कार्बोरेटर कशासाठी? आधी वाटलं आजारपणात अण्णांच्या हातून काही वेडंवाकडं झालं असेल. पण तार इतक्या नीट पीळ घालून बांधली आहे, की ते काम दोन्ही हातांचं आहे. म्हणजे आजाराच्या आधीचं.

अण्णा आपल्या डाव्या हातानं जेवतात. मीठ जास्त झालं तर ताट पुढं ढकलतात.

तेजस्वी


बोरगाव,
२ जुलै २०२४

तेजस्वी,

उत्तराला उशीर केला. लिहायला बसलो की फाडत होतो. तुझी काकी म्हणाली, पोरीला तरी किती तंगवाल?

तू आडून विचारत न्हाईस हे आता पटलं. मला वाटलं होतं, पोरीच्या हातानं बापच लिहितोय.

भोकं मी इसरलो न्हाय. तू जे उघडून बसलीस ते आपल्या गाडीचं न्हायच. कुठल्यातरी मोठ्या गाडीचं भंगार हाय. आपल्या फियाटचा खरा कार्बोरेटर माझ्याजवळ हाय, इथं बोरगावात, कपाटात. तुला कुणी सांगितलं न्हाय ह्याचं मला आश्चर्य वाटतं.

वाटणीत जमीन वाटली, म्हशी वाटल्या, हंडे-कळशा वाटल्या. गाडीवर अडलं. ती दोघांनी मिळून घेतल्याली. तो म्हणे माझी, मी म्हणे माझी. पंच सोप्यात बसले होते, चहा दोनदा झाला. मी उठलो, बॉनेट उघडलं, कार्बोरेटर सोडवला आणि मांडीवर घेऊन पंचात येऊन बसलो. मारुतीराव पंच हसून हसून लोळायचे बाकी राहिले. म्हणाले, "ठरलं तर मग. गाडी रवळूची, मांडीवरचं ते भरमाचं. फिरायचं असलं तर दोघं मिळून या." सगळी हसली. आम्ही दोघं सोडून.

मग मी इकडं सासुरवाडीला आलो. कुणाचं लग्न निघालं, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की रवळू सांगावा धाडायचा. मी कार्बोरेटर पिशवीत घालून यायचो, बसवायचो, काम झालं की काढून परत न्यायचो. एसटीतली माणसं विचारायची, पाव्हणं, पिशवीत कोंबडी हाय काय? स्टीअरिंग मात्र त्यानं मला कधी दिलं न्हाय. मी आधी बसलो असलो तरी खांद्यानं ढकलून बसायचा.

मग एका दसऱ्याला सांगावा आलाच न्हाय. वाट बघितली. दसऱ्यानंतर मष्णूनं सांगितलं, रवळूनं भंगारातनं दुसरा आणून बसवलाय. म्हटलं, संपलं. माझा वाटा आता भंगाराच्या बरोबरीचा झाला. तवा शपथ घेतली.

आता तू लिहितीस, त्याच्याखाली फडकं हाय. फडकं कोंबल्याल्या गाडीला कार्बोरेटर कशाला लागतो, हे मलाही कळंना. तू तपासणीत काम करतीस न्हवं? मग नीट तपासून लिही. फडकं जुनं हाय का नवं? तेलाचा वास ताजा का खवट? अंदाजानं लिहू नको.

भरमा


बेळगुंदी,
९ जुलै २०२४

आप्पा,

फडकं जुनं नाही. कापडाचे धागे अजून तुटत नाहीत आणि तेल चिकट झालेलं असलं तरी खवट नाही. माझ्या अंदाजानं ते एका वर्षाच्या आतलं आहे. तुम्ही अंदाज नको म्हणालात, म्हणून मी आईला धरून बसवलं आणि विचारलं. या वेळी ती बोलली.

दर खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, की अण्णा सगळ्यांना शेडमधून बाहेर काढतात हे मला माहीत होतं. मला वाटायचं त्यांना एकट्यानं नमस्कार करायचा असतो. आई म्हणाली, ते तार सोडतात, ते लोखंड उचलतात, जुना बोळा काढतात, आपल्या धोतराचा तुकडा फाडून एरंडेलात भिजवून नवा घालतात आणि वरती लोखंड ठेवून पुन्हा तार बांधतात. पहिल्या वर्षी आईनं विचारलं होतं, हे कशाला? तेव्हा अण्णा म्हणाले, "तोंड उघडं ठिवलं तर उंदीर जात्यात. भरमा यील आणि इंजिन जाम झाल्यालं बघंल, तर माझ्या नावानं गाव डोक्यावर घील."

म्हणजे तो दुसरा कार्बोरेटर नव्हताच, आप्पा. ते झाकण होतं. मी महिनाभर एक झाकण पेट्रोलात धूत बसले होते.

मग त्या दसऱ्याला सांगावा का धाडला नाही, असंही मी आईला विचारलं. ती म्हणाली, "लग्नाला, दवाखान्याला सांगावा धाडायचा. दसऱ्याला आपल्या घरी यायला भावाला सांगावा लागतोय व्हय? तुझा बाप दिवसभर सोप्यात बसून वाट बघत हुता. सोनं लुटायला बी गेला न्हाय."

मी म्हटलं, हे सगळं तुला माहीत होतं तर मला आधीच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तू भोकं मोजून आप्पाला पत्रं कशाला लिहिली असतीस?"

तिच्यावर रागवावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल मी ते चार भोकांचं लोखंड अण्णांसमोर धरलं. त्यांनी बघितलंही नाही, हातानं बाजूला सारलं आणि शेडकडे बोट दाखवलं. मी आता पुरती गोंधळले आहे. त्यांना गाडी सुरू झालेली हवी आहे, की तुम्ही यायला हवे आहात, की नुसता बोळा बदलायचा आहे? विचारलं की तिन्हीला मान हलवतात. डॉक्टर म्हणतात, अशा माणसांचं 'हो' कधी कधी 'नाही' असतं.

तुमचा वाटा मी मागत नाही. तो मागणारी मी कोण? तुम्ही फडक्याचं विचारलंत, म्हणून एवढं लिहिलं.

तेजस्वी


बोरगाव,
१८ जुलै २०२४

तेजस्वी,

आमच्या गल्लीतला ओमकार दर सोमवारी बेळगावला कामावर जातो, शनिवारी परततो. त्याच्या हातानं कार्बोरेटर पाठवतोय, स्टँडवरनं घे. पिशवी सरळ धर.

दोन नट हायत. एक थोडा आवळ, मग दुसरा थोडा, असं करत जा. एकच बाजू दाबून आवळलीस तर बूड वाकंल. खालचं पॅकिंग मी नवीन कापून घातलंय. आत सगळं साफ हाय. मी पण दर दसऱ्याला उघडून पुसत आलोय, कशासाठी ते विचारू नको.

हा आता रवळूचा. माझ्या बाजूनं वाटणी मिटली. गाडी सुरू कर आणि त्याला ऐकू दे. लई दिवस लावू नको, असल्या दुखण्याचा भरवसा नसतो.

मला यायला सांगू नको. त्याच्याशी मी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडलो. तो काय बोलंल, त्यावर मी काय बोलीन, सगळं ठरवून ठेवलं होतं. आता तो बोलतच नसंल तर मी येऊन काय करू? समोर बसून मी एकट्यानंच बोलायचं व्हय?

भरमा


बेळगुंदी,
२८ जुलै २०२४

आप्पा,

मी जे केलं ते बरोबर की चूक, हे मला कळत नाही. पण तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

सोमवारी पिशवी स्टँडवरून आणली. आईनं दारातच तिला हळदकुंकू लावलं. जोतिबा मिस्त्री पाना घेऊन हजरच होते. "आण हिकडं. धा मिनटाचं काम, चहा ठेवा." मी म्हटलं, आधी अण्णांना दाखवू.

अण्णांनी तो मांडीवर घेतला. डाव्या अंगठ्यानं बाजूचा तो छोटा दांडा पुढं-मागं केला. मग कानाजवळ नेऊन पुन्हा केला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही, कारण मला ते नीट कळलं नाही. मग त्यांनी माझ्या मागं बघितलं. सोप्याच्या दाराकडे. पिशवी आली म्हणजे तिच्याबरोबर माणूस आलेला असणार, असं त्यांना वाटलं असावं. हा माझा अंदाज आहे. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आप्पा आले नाहीत. पाठवून दिलाय. आता हा तुमचाच, म्हणालेत."

मिस्त्रींनी घ्यायला हात पुढं केला तर अण्णांनी दिला नाही. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, सोडा की. बसवल्याशिवाय गाडी वाजायची कशी?" त्यांनी थोडी ओढाओढ केली, तसे अण्णा रडायला लागले. दुखणं आल्यापासून ते चिडलेत पुष्कळ, पण रडले नव्हते.

मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजारी माणूस हाय, लहान पोरागत करतोय. झोपला की काढून घी आणि बसव. गाडी वाजली की हसंल." हे सगळ्यांना पटत होतं. खरं तर मलाही पटत होतं. सगळं तयार होतं, दोन नटांचंच काम राहिलं होतं. पण मी विचार करत गेले, तसं मला वाटायला लागलं की हा बसवला की गाडीला तुमची गरज संपते. इतकी वर्षं एका फडक्यानं जी जागा तुमच्यासाठी राखली, ती मी दहा मिनिटांत भरून टाकणार. पंचांनी दोघं मिळून या असं सांगितलं होतं. त्या दोघांत मी नाही, आणि जोतिबा मिस्त्री तर नाहीतच.

म्हणून काल, शनिवारी, ओमकार घरी परतताना स्टँडवर गाठून तो त्याच्याच हातानं परत पाठवला. नटही पिशवीतच आहेत. इंजिनच्या तोंडात मी नवीन बोळा घातला आहे.

आई माझ्याशी बोलत नाही. मिस्त्री गावभर सांगतात की रवळूची पोरगी जास्त शिकून खुळावली. आणि मला रात्रंदिवस एकच भीती वाटते. अण्णांना उद्या काही झालं, तर हातात आलेला कार्बोरेटर मी परत पाठवला आणि त्यांना गाडी ऐकू दिली नाही, हे माझ्यामुळं झालेलं असेल. ते तुम्ही मला माफ केलंत तरी मी मला करणार नाही.

चुकले असेन तर रागवा. पण रागवायला पत्र पाठवू नका, इथं या.

तेजस्वी


बोरगाव,
१ ऑगस्ट २०२४

बाळ तेजस्वी,

मी तुझी गंगव्वा काकी. मला मराठी लिहायची सवय न्हाय, शाळा कन्नड झाली, चुकलं तर संभाळून घे.

ओमकारनं पिशवी आणून दिली आणि मग तुझं पत्र आलं. दोन दिवस तुझ्या आप्पानं तुला शिव्या घातल्या. बापावर गेलीया, म्हणाले. दुसऱ्याची वस्तू परत करायची अक्कल आहे, बसवायची न्हाय, म्हणाले. मी म्हटलं, अहो, तिनं तुमचा वाटा तुम्हाला राखून ठेवला, तो घ्यायला बी माणूस लागतो. तर माझ्यावर ओरडले.

आज सकाळी आंघोळ केली, देवाला न जाता पिशवी घेतली आणि निघाले. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाले, पॅकिंग बघून येतो. पॅकिंग बघायला कोण इस्त्रीचा सदरा घालतं? ब्लडप्रेशरची गोळी घरीच राहिली. हे पत्र पोचेपर्यंत ते पोचले असतील, तर गोळी गावात घेऊन दे, एक सकाळी, जेवणानंतर. पोचले न्हाईत तर फोन कर. शपथ त्यांची आहे, माझी न्हाय. पर मी तरी आजवर फोन कुठं केला.

काकी


बेळगुंदी,
५ ऑगस्ट २०२४

काकी,

आप्पा त्याच दिवशी दुपारी पोचले. गोळी घेऊन दिली आहे, जेवणानंतर मी स्वतः समोर उभी राहून देते. फोन करणार होते, पण ते म्हणाले, "पत्रच लिही. इतकी लिहिलीस, आणि एकानं काय हुतंय?"

ते फाटकातून आत आले तेव्हा अण्णा सोप्यात होते. आप्पा पायरीवर थांबले, मग पिशवी खाली ठेवून अण्णांच्या खुर्चीपाशी आले. त्यांनी काय काय ठरवून ठेवलं होतं ते तुम्हाला माहीत असेल, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. आई म्हणाली, "भावजी, शपथ मोडली की हो तुमची." तर म्हणाले, "शपथ आवाजाची हुती, वहिनी. ह्यो बोलतोय कुठं?" आई हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली. अण्णांनी डाव्या हातानं आप्पांचा सदरा धरला आणि इतक्या जोरात ओढला, की वरचं बटण तुटलं. ते मी लावून देईन. माया म्हणून ओढला की राग म्हणून, मला सांगता येत नाही. आप्पांनाही सांगता आलं नाही.

मग चहासुद्धा न घेता दोघं शेडमध्ये. मला हात लावू दिला नाही. आप्पा पाना फिरवत होते आणि अण्णा खुर्चीवरून नट एक एक करून देत होते. मिस्त्रींनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. गाडी खूप वेळ नुसती खोकली. मी मनातल्या मनात सगळे भाग पुन्हा मोजले. मग एकदम पांढरा धूर आला आणि ती सुरू झाली. गोठ्यातल्या म्हशींनी दावी ओढली. गल्लीतली माणसं गोळा झाली.

गाडी कुठं जाणार नव्हती, चारही टायर जमिनीला चिकटलेले आहेत. तरी आप्पा जाऊन स्टीअरिंगवर बसले. तसे अण्णा खुर्चीतून उठायला लागले. मी आणि मिस्त्रींनी त्यांना धरून दारापर्यंत नेलं. आप्पा म्हणाले, "एका हातानं चालवणार व्हय रं? गप तिकडच्या बाजूला बस." अण्णांनी त्यांना खांद्यानं ढकललं. आप्पा हलले नाहीत. पुन्हा ढकललं. मी घाबरले, म्हटलं पडतील. मग आप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत पलीकडे सरकले. पेट्रोल संपेपर्यंत दोघं तिथंच बसून होते. आप्पाच बोलत होते. अण्णा मधून मधून हॉर्न दाबत होते.

आता जे झालं ते मला समजलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते. आज सकाळी आप्पांनी कार्बोरेटर पुन्हा काढला, फडक्यात बांधला आणि पिशवीत घातला. मी म्हटलं, "आप्पा, एवढं करून आता राहू दे की इथंच." तर म्हणाले, "का म्हणून? माझा हाय." अण्णा शेजारी बसून बोळा वळत होते, एका हातानं वळत नव्हता तो आप्पांनी वळून दिला. दोघांनाही यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मला वाटलं होतं की गाडी दुरुस्त होईल. ती झाली असं म्हणायचं की नाही?

ते उद्या दुपारच्या एसटीनं निघतील. जाण्याआधी दोघांनी मिळून टायरचं माप घेतलंय. आप्पा म्हणतात, टायर निपाणीतच चांगले मिळतात आणि एका फेरीला एकच आणता येईल. मी म्हटलं, चारही एकदम टेंपोनं येतील, एका दिवसाचं काम. तर आधी आप्पांनी आणि मग अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी टेंपोचा विषय सोडला.

स्टेपनी धरून पाच होतात, काकी. पहिल्या फेरीला तुम्हीही या.

तेजस्वी